1978 च्या शेवी पिकअपच्या 350 इंजिनला रोलर कॅम टाकणं परवडतं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की सी-10 पिकअप आहे, मूळचंच 350 (घन इंचांचं) इंजिन, टॅपेटचा टिकटिक आवाज यायला लागला म्हणून व्हॉल्व्ह कव्हर काढलं तर एक रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी छोटी पट्टी) जेमतेम हलतोय, म्हणजे कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचा) लोब, त्यावरचा उंचवटा, झिजला, आणि गॅरेजवाला म्हणतो आता परत फ्लॅट टॅपेट (टॅपेट म्हणजेच लिफ्टर, लोब ज्याला वर ढकलतो तो तुकडा; फ्लॅटमध्ये तो लोबवर थेट घासतो) नको, रोलर कॅमच (यात लिफ्टरला चाक असतं) टाका, बाराशे डॉलर नुसते पार्ट्सचे. मी इकडे ओहायोत असतो, शनिवार-रविवार घरच्या गॅरेजमध्ये हीच इंजिनं खोलत असतो, आत्तापर्यंत तीन झाली, त्यामुळे जे हाताने केलंय तेवढंच सांगतो.

पॉवर वाढेल म्हणून टाकणार असाल तर अजिबात टाकू नका. त्या काळातलं ट्रकचं 350 म्हणजे कमी कॉम्प्रेशन, साडेआठच्या आसपास, आणि हेड्स (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) अशी की हवा आत जायलाच जागा नाही, त्यात रोलर कॅम टाकून थोडा फरक पडतो पण बाराशे डॉलरचा पडत नाही. रोलरचा लोब जास्त चटकन उचलू शकतो हे खरंय, कारण फ्लॅट लिफ्टरचा व्यास 0.842 इंच, त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त उभा लोब केला तर लिफ्टरची कड लोबमध्ये रुतेल, चाक असलं की तो प्रश्न येत नाही. पण तो फायदा घ्यायला पुढे चांगली हेड्स लागतात.

रोलरचे पैसे द्यायचे ते निर्धास्तपणासाठी. फ्लॅट टॅपेटमध्ये लिफ्टरचा तळ किंचित फुगीर असतो आणि लोब किंचित तिरका, त्यामुळे प्रत्येक घासणीला लिफ्टर आपल्या भोकात थोडा थोडा फिरत राहतो, आणि ज्या क्षणी तो फिरायचा थांबला त्या क्षणी तो कॅम गेला म्हणून समजा. तिथे लोखंडावर लोखंड घासतं, मध्ये असतो फक्त तेलातल्या झिंक-फॉस्फरसचा पातळ थर. फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून 2004 मध्ये एपीआयचा (तेलांचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) एसएम ग्रेड आला तेव्हा 5डब्ल्यू-30, 10डब्ल्यू-30 सारख्या तेलांत त्याची मर्यादा 0.08 टक्क्यांवर आणली, आणि जुन्या इंजिनवाल्यांचे हाल सुरू झाले.

माझा स्वतःचा एक नवा कॅम पहिल्या अर्ध्या तासात गेलाय. कार्ब्युरेटर नीट बसवला नव्हता, इंजिन धरेना, मी स्टार्टर मारत राहिलो, तेवढ्यात लिफ्टरला लावलेली वंगणाची पेस्ट पुसली गेली. नव्या फ्लॅट कॅमच्या ब्रेक-इनचा (पहिल्यांदा चालवून रुळवण्याचा) नियम असा आहे की सुरू झाल्या झाल्या 2000 ते 2500 आरपीएमवर वीस-तीस मिनिटं ठेवायचं, आयडल होऊ द्यायचंच नाही, पण आधीच उशीर झालेला. बाहेर काढला तेव्हा एका लिफ्टरचा तळ वाटीसारखा खोल गेलेला, नख फिरवलं की कड लागत होती, शेजारचा मात्र काचेसारखा. इतकं वाईट वाटलं होतं त्या रात्री, इंजिन नुकतंच बांधलेलं.

आणि तुमच्या बाबतीत मला खरी काळजी याच गोष्टीची आहे. झिजलेला लोब गेला कुठे? तेलात. म्हणजे ऑइल पंपातून, मेन बेअरिंगमधून फिरून आला. कॅम कुठला घ्यायचा हे ठरवायच्या आधी ऑइल फिल्टर काढा, पत्रा कापा (करवतीने नको, तिचाच कीस आत पडतो), आतल्या कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. चंदेरी वाळू दिसली आणि लोहचुंबकाला चिकटली तर तो कॅमचा कीस. लोहचुंबकाला न चिकटणारी चमक असेल तर बेअरिंगही खाल्लं गेलंय, आणि मग त्या ब्लॉकमध्ये बाराशेचा कॅम टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

बाराशेत काय काय धरलंय तेही विचारा. तुमचा ब्लॉक रोलरसाठी बनलेलाच नाही, फॅक्टरीतून रोलर कॅम 1987 पासून आला. जुन्या ब्लॉकला पट्टीने जोडलेले जोडीचे लिफ्टर लागतात, तेच सगळ्यात महाग, पुशरॉड (लिफ्टरपासून रॉकरपर्यंतच्या कांड्या) साधारण अर्धा इंच आखूड लागतात, व्हॉल्व्ह स्प्रिंग जास्त ताठ लागतात, कॅम पुढेमागे सरकू नये म्हणून पुढे बटन लागतं (फ्लॅटमध्ये तिरका लोबच कॅमला मागे दाबून ठेवतो, रोलरमध्ये तसं काही नसतं), आणि कॅम स्टीलचा असेल तर डिस्ट्रिब्युटरचा (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाचा) गिअरही बदलावा लागतो, नाहीतर स्टीलचा कॅम जुना गिअर खाऊन टाकेल. यातलं एखादं विसरलं की बिल पुढे सरकतं.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. फिल्टर स्वच्छ निघाला, गाडी रविवारी फिरवायची, तर चांगला फ्लॅट कॅम, नवे लिफ्टर (जुने लिफ्टर नव्या कॅमवर कधीच नाही), झिंकवालं तेल, आणि ब्रेक-इनच्या वेळी स्वतः शेजारी उभं राहायचं, गॅरेजवाल्यावर सोडायचं नाही. खर्च पाव भागाच्या आसपास. इंजिन नाहीतरी पूर्ण खोलायचंच असेल आणि पुढे दहा-पंधरा वर्षं ठेवायचं असेल तर रोलर टाका, मी माझ्या तिसऱ्या इंजिनला तेच केलं आणि आजही पश्चात्ताप नाही.

फिल्टरमध्ये बेअरिंग दिसलं तर मात्र भंगार यार्डात जा आणि 1996 ते 2000 मधल्या ट्रकचं व्होर्टेक 350 (शेवीचंच नंतरचं 350) शोधा. त्यात फॅक्टरीचाच रोलर कॅम असतो, वर हेड्स तुमच्यापेक्षा कितीतरी चांगली. इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो, फ्लेक्सप्लेट (इंजिन गिअरबॉक्सला जोडणारी तबकडी) वेगळी, बऱ्याच ब्लॉकना मेकॅनिकल फ्युएल पंपाची जागा नसते म्हणून इलेक्ट्रिक पंप, पण सगळं धरून मला ते जुन्या ब्लॉकला रोलर बसवण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

फिल्टर कापलात की काय दिसलं ते खाली लिहा, आणि ब्लॉकच्या मागे ड्रायव्हरच्या बाजूला, गिअरबॉक्स जोडतो त्या कडेवर जो कास्टिंग नंबर आहे तोही पुसून वाचा, मधल्या मालकाने इंजिन बदललेलं असण्याची शक्यता बरीच असते.