पहिला आउटपुट ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याआधी

मित्रा, लॅमिंग्टन रोडवर स्टॅम्पिंग (गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या) आणि तार घ्यायला जाण्याआधी कागदावर हिशेब कर. ॲम्प्लिफायरमधल्या एका ईएल८४ व्हॅक्यूम ट्यूबला साधारण ५००० ओहमचा भार लागतो, तुझा स्पीकर ८ ओहमचा. भागाकार ६२५, वर्गमूळ २५. म्हणजे वेढ्यांचं प्रमाण २५:१. इतकं सोपं.

खरी मेहनत वाइंडिंगमध्ये. प्रायमरी, म्हणजे ट्यूबकडची गुंडाळी, सलग गुंडाळू नकोस. तिचे भाग पाडून मधे सेकंडरीचे, म्हणजे स्पीकरकडच्या गुंडाळीचे, थर घाल, नाहीतर तार सप्तकातली चमक जाते. अशा एकाच ट्यूबच्या (सिंगल-एंडेड) सर्किटमध्ये प्रायमरीतून सतत डीसी वाहतो, म्हणून गाभ्यात फट हवीच. माझ्या पहिल्या ट्रान्सफॉर्मरात मी ती विसरलो आणि तबल्यातला डग्गाच हरवला. आपल्या पावसाळ्यातला दमटपणा लक्षात घेऊन व्हार्निश आतपर्यंत मुरव. आणि स्पीकर जोडल्याशिवाय आवाज कधीच वाढवू नकोस. प्रायमरीत उसळणाऱ्या व्होल्टेजने इन्सुलेशन फुटतं.