‘आधी डिग्री’ की आधी सही?

‘मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. खेळात खरंच पुढे आहे, कॉलेजच्या संघाने जागाही देऊ केलीय. आणि आता म्हणतो, कॉलेज राहू दे, मी सरळ प्रोफेशनल होतो. ताई, तुम्ही समजावा त्याला.’ अमेरिकेत मुलं वाढवणारे मराठी आईवडील मला हे विचारतात तेव्हा ‘समजावा’ याचा अर्थ ‘आमच्या बाजूने बोला’ असा असतो. टेनिसवाले विचारतात, गोल्फवाले विचारतात. बेसबॉलवाल्यांचं सगळ्यांत अवघड, कारण तिथे निर्णयाला तारीख असते.

एका घराचं सांगते. परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला आपण नील म्हणू.

नील डॅलसच्या उपनगरातला, डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. 2023 च्या एप्रिलमध्ये तिघं माझ्याकडे आले, तेव्हा घरात दोन स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, येऊन गेले होते. दोघांनी चहा घेतला, नीलची चौकशी केली आणि जाताना एकच विचारलं: सहीच्या बोनसचे किती मिळाले तर करारावर सही कराल? संघ हे आधीच विचारून ठेवतात, कारण जो मुलगा येणारच नाही त्याच्यावर निवड कशाला वाया घालवायची.

नियम थोडक्यात असे. हायस्कूल संपलं की जुलैच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने, फेरी-फेरीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, मेजर लीगचे (सगळ्यांत वरच्या व्यावसायिक बेसबॉलचे) संघ मुलाला निवडू शकतात. त्याने सही केली की कॉलेजच्या बेसबॉलचं दार बंद. सही न करता चार वर्षांच्या कॉलेजात गेला, तर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावं लागेपर्यंत त्याला पुन्हा कुणी निवडू शकत नाही. मधली एक वाट आहे, दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजची. तिथून दरवर्षी ड्राफ्टला पात्र राहता येतं. पण ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटल्यावर आपल्या लोकांचे चेहरे असे पडतात, की तिचा विचार व्हायच्या आधीच ती बाद होते. याही घरात झाली.

पहिल्या बैठकीत बाबा बोलले, बाकीचे दोघं ऐकत राहिले. ‘आमच्या घरात तीन पिढ्यांत ग्रॅज्युएट नाही असा कुणी नाही. आधी डिग्री, मग काय करायचं ते कर.’ सांगलीहून आजी व्हिडिओ कॉलवर विचारत होत्या, ‘चेंडू फेकून पोट भरतं का रे बाळा?’ पुण्याचे काका मात्र नीलच्या बाजूने: ‘सचिन कुठे गेला होता कॉलेजात?’ सचिनचं नाव घेऊन दुसऱ्याच्या मुलाला सल्ला देणाऱ्या काकांची मला भारी चीड येते. सचिन एकच झाला, म्हणून तर त्याचं नाव घेतात.

नीलचा आदर्श कुमार रॉकर, तोही पिचर. आई भारतीय वंशाची, त्यामुळे आपल्या मुलांना तो जवळचा वाटतो. 2018 मध्ये हायस्कूलमधून त्याची निवड झाली ती थेट 38 व्या फेरीत, कारण तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो गेला, 2019 मध्ये कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकून आला. बाबा इथपर्यंतची गोष्ट सांगायचे. नील पुढची सांगायचा: 2021 मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, साठ लाख डॉलरचं बोलणं झालं, हाताची तपासणी झाली आणि मेट्सनी हात आखडता घेतला. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सनी तिसऱ्या क्रमांकावर घेतलं हे बाबांच्या बाजूचं, आणि आम्ही भेटत होतो त्याच मे महिन्यात त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली हे नीलच्या. ‘हात कधीही जाऊ शकतो. मग पैसे मिळताहेत तेव्हाच का घेऊ नयेत?’ मला हा मुद्दा बिनतोड वाटला आणि मी तसं म्हटलं. बाबांना ते आवडलं नाही.

मग मी दोघांनाही गृहपाठ दिला.

बाबांनी कॉलेजचं पत्र नीट वाचायचं. आपल्याकडे ‘स्कॉलरशिप मिळाली’ म्हणजे शिक्षण फुकट, असं धरून चालतात. त्या वेळी डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या सगळ्यांत वरच्या गटाच्या, बेसबॉल संघाकडे 11.7 इतक्याच पूर्ण शिष्यवृत्त्या असायच्या, आणि त्या तीसेक मुलांत वाटल्या जायच्या. (2025 पासून हा नियम बदलला आहे.) नीलच्या पत्रात खर्चाचा निम्मा भागही नव्हता. शिवाय मेजर लीगच्या करारात पुढे कॉलेजचा खर्च देण्याचं कलम घालून घेता येतं. रक्कम सही करतानाच ठरते, आणि खेळ सोडल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू करावं लागतं. म्हणजे ‘सही केली की डिग्री गेली’ हे बाबांचं गृहीतक कागदावर टिकत नव्हतं. अर्थात, तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी परत वर्गात जाऊन बसायला किती जणांचं मन होतं, हा वेगळा प्रश्न, आणि तो मी नीलला विचारून ठेवला.

नीलने मायनर लीगचा (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांचा, जिथे सही केलेली मुलं आधी खेळतात) एक मंगळवार लिहून आणायचा होता. सामन्याचा दिवस नाही, साधा मंगळवार. त्याने पगार शोधून आणले: सगळ्यांत खालच्या पायरीला वर्षाला 19,800 डॉलर, डबल-ए या वरच्या पायरीपर्यंत चढलं तर 30,250. राहण्याची सोय संघ करतो. पण मंगळवार काही त्याला लिहिता येईना. म्हणून त्याच्या कोचच्या ओळखीने, बाविसाव्या वर्षी संघाने सोडून दिलेल्या एका मुलाशी त्याने फोनवर बोलून घेतलं. पुढच्या वेळी आला तो गप्पच होता. म्हणाला, ‘काकू, मी त्याला अ‍ॅरिझोनाच्या उन्हाचं विचारलं, रिकाम्या मैदानाचं विचारलं. तो म्हणाला, त्याची सवय होते. सवय होत नाही ती सकाळच्या हाताची. कोच लॉकरपाशी येऊन खांद्यावर हात ठेवतो, ऑफिसात ये म्हणतो, आणि दुपारच्या विमानाने तू घरी. रोज सकाळी आपण बघतो, आज हात कुणाच्या खांद्यावर.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मला अजूनही जायचंय.’

हे ऐकून मला बरं वाटलं. आता तो स्वप्नाबद्दल बोलत नव्हता, नोकरीबद्दल बोलत होता.

जूनमध्ये मी तिघांना वेगवेगळ्या कागदांवर आकडा लिहायला सांगितलं. एकमेकांना न दाखवता, किती मिळाले तर सही करावी. बाबांनी लिहिलं पाच लाख डॉलर. म्हणजे कुणी देणारच नाही इतके. आईने आकडा न लिहिता ‘त्याला काय हवंय ते’ असं लिहिलं. नीलच्या कागदावर होतं 92,400.

असा आकडा कुणी लिहीत नाही. लाख लिहितात, दीड लाख लिहितात. ‘हे चारशे कुठून आले?’ मी विचारलं. नील खाली बघत राहिला. बाबांनी मात्र कागद ओढून घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. घरावर काढलेल्या कर्जाची ती बाकी होती. ट्रॅव्हल टीमची फी, जॉर्जिया-फ्लोरिडातल्या स्पर्धा, हॉटेलं, वेगळा पिचिंग कोच, सगळं त्यातून गेलं होतं. घरात ही गोष्ट नीलला कुणी सांगितली नव्हती. स्वयंपाकघरातलं रात्रीचं बोलणं त्याच्या कानावर पडलं होतं, आणि बँकेचं पत्र त्याने स्वतः शोधून वाचलं होतं.

म्हणजे दोन महिने डिग्री की खेळ असा जो वाद चालला होता, त्यात नील वेगळंच काहीतरी सोडवत बसला होता. त्याला आईबाबांचे पैसे परत करायचे होते. (कर आणि सल्लागाराचा वाटा वजा जाता तेवढे हाती आलेच नसते, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.) खेळाडू मुलांच्या घरात मला हे पुन्हा पुन्हा दिसतं. आपण मुलांना ‘तुझ्यासाठी किती केलं’ असं तोंडाने म्हणत नाही, पण गाडीत, जेवताना, बिल भरताना ते त्यांना ऐकू येतं. अशा मुलाला ‘तुला मनापासून काय हवंय’ असं विचारून काही हाती लागत नाही. आधी ते ओझं कुणाचं आहे ते ठरवावं लागतं.

बाबा बऱ्याच वेळाने बोलले. ‘कर्ज मी काढलंय. मी फेडेन. तुझा त्याच्याशी संबंध नाही.’ आवाज चढलेला होता, पण नीलला जे कळायचं ते कळलं असावं.

त्यानंतर आकड्याचं काम सोपं झालं. प्रश्न असा ठेवला: पाच वर्षं मायनर लीगमध्ये काढली आणि तेविसाव्या वर्षी सोडून दिलं, तर हातात काय असलं म्हणजे नीलला नव्याने सुरुवात करता येईल? तिघांनी मिळून साडेतीन लाख ठरवले, आणि ड्राफ्टच्या आदल्या शनिवारनंतर आकडा बदलायचा नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

हे कबूल करून घेतलं नसतं तर रविवारीच सगळं मोडलं असतं. 9 जुलैला ड्राफ्टच्या पहिल्याच रात्री टोरंटो ब्लू जेजनी अर्जुन निम्मला या तेलुगू घरातल्या सतरा वर्षांच्या फ्लोरिडाच्या मुलाला विसाव्या क्रमांकावर निवडलं. त्याने पुढे कॉलेजला न जाता सुमारे तीस लाख डॉलरवर सही केली. त्या रात्री आपल्या लोकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नुसते वाजत होते. सोमवारी सकाळी फोन कुणाचा? बाबांचा. ‘ताई, आपण आकडा थोडा खाली आणावा का?’ डिग्रीवाले बाबा! मी म्हटलं, शनिवार होऊन गेला.

मंगळवारी दुपारी नीलला फोन आला. दीड लाख, हो म्हणशील? नव्या खेळाडूंच्या बोनसवर संघाला खर्चाची मर्यादा असते, आणि अकराव्या फेरीपासून तेवढी रक्कम त्या मर्यादेत मोजली जात नाही, म्हणून हा आकडा त्या दिवशी बऱ्याच घरांत ऐकू येतो. नीलने स्वतःच ‘नाही’ म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत विसाही फेऱ्या संपल्या, नाव आलं नाही. पुढचे काही दिवस तो माझ्यावरही रागावलेला होता.

त्याचा निर्णय बरोबर होता का, असं पालक विचारतात. मला सांगता येत नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तो जेमतेम काही डाव खेळला, दुसऱ्या वर्षी संघात पक्का झाला. दीड लाख घेऊन गेला असता तर एव्हाना डबल-ए मध्ये असता किंवा घरी असता. 2026 च्या जुलैत तो पुन्हा पात्र होतो, आणि तिसऱ्या वर्षानंतरची बाजू सगळ्यांत भक्कम असते. नाही म्हणून आणखी एक वर्ष कॉलेजात राहता येतं. चौथ्या वर्षानंतर ती सोय नसते, आणि ते संघांनाही पक्कं ठाऊक असतं.

मध्यंतरी बाबांनी विचारलं, या वेळी आम्ही तिघांनी कधी यायचं? मी म्हटलं, नीलला वाटलं तर तो एकटा येईल. अजून त्याचा फोन आलेला नाही.