मॅनेजर चुका दाखवतोय की पाण्यात बघतोय, हे ओळखायचं कसं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. म्हणजे असं की नवीन मॅनेजर येऊन आठ महिने झाले, प्रत्येक रिपोर्टमध्ये काही ना काही खोट काढतो, दोनदा सगळ्यांसमोर बोलला, घरचे म्हणतात एवढं मनाला लावून घेऊ नकोस, मित्र म्हणतात सरळ कम्प्लेंट ठोक, आणि तुमचं तुम्हालाच कळेनासं झालंय की आपण खरंच कामात कमी पडतोय का हा माणूस मुद्दाम करतोय. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय तुम्ही, की सुट्टीच्या दिवशी यायला नाही म्हणाल्यापासून क्लायंटच्या कॉलवर घेत नाही. त्या वाक्याकडे मी नंतर येते.

मला दोन्ही जातीचे मॅनेजर भेटलेत आणि दोन्ही वेळेला मी आधी चुकीचंच ओळखलं, म्हणून लिहायला बसले.

पहिल्या मॅडम कडक होत्या. आवाज मोठा, चेहरा कायम त्रासलेला, रिपोर्ट दिला की अर्ध्या तासात लाल खुणांनी भरून परत. "हे पाठवण्याआधी वाचलंस तरी का?" हे वाक्य मी एवढ्यांदा ऐकलंय की आजही काही पाठवताना कानात वाजतं. वॉशरूममध्ये जाऊन रडलेय सुद्धा. एका मैत्रिणीने सांगितलं की तक्रार करायची तर पुरावा लागेल, रोजच्या रोज लिहून ठेव. मग मी एक वही केली, चार रकाने आखले. तारीख, त्या नेमकं काय बोलल्या (शब्द जसेच्या तसे), कोणत्या कामाबद्दल बोलल्या, आणि पुढे मी काय करणं अपेक्षित होतं. हा चौथा रकाना मैत्रिणीने नव्हता सांगितला, पान मोठं होतं म्हणून मीच आखला. तोच कामाला आला.

दोन महिन्यांत 19 नोंदी झाल्या. एचआरकडे जायच्या आदल्या दिवशी वाचायला घेतलं तर माझाच चेहरा उतरला. 14 नोंदींत चौथा रकाना भरलेला होता, तिसऱ्या पानावरची बेरीज जुळत नाही, मागच्या महिन्याचा आकडा तसाच राहिलाय, असलं स्वच्छ लिहिलेलं. आणि त्यातल्या सात वेळा चूक एकच, पाठवण्याआधी बेरजा न तपासणं. माझ्या स्वभावाबद्दल, वागण्याबद्दल, मी माणूस म्हणून कशी आहे याबद्दल फक्त एक नोंद, "तुला फार घाई असते", आणि खरं सांगायचं तर असतेच. शिवाय बाकीच्यांना पण त्याच पट्टीने मोजत होत्या, हे मला दिसत होतं पण मी बघत नव्हते. तक्रारीसाठी केलेली वही माझ्याच चुकांची यादी निघाली. गेले नाही एचआरकडे. पण याचा अर्थ त्यांचं ओरडणं बरोबर होतं असं अजिबात नाही हां, ते चूकच होतं आणि तसं मी त्यांना एकदा सांगितलं पण, की चुका दाखवा, पण सगळ्यांसमोर आवाज चढवला की मला पुढचं काही ऐकूच येत नाही. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या ठीक आहे, आणि त्यानंतर केबिनमध्ये बोलवायला लागल्या. लाल खुणा मात्र तेवढ्याच.

दुसरे सर एकदम गोड. कधी आवाज चढला नाही. "तू टॅलेंटेड आहेस गं, पण..." या पणच्या पुढे काय ते मला वर्षभर कळलं नाही. मीटिंगच्या निरोपातून नाव गळायला लागलं, विचारलं की "अरे राहिलं वाटतं". काम एका पद्धतीने करायला सांगायचे, केलं की म्हणायचे हे असं कुठे सांगितलं होतं. "टीममध्ये तुझ्याबद्दल बोलतात लोक." कोण बोलतं? "नावं कशाला घ्यायची." मी केलेलं प्रेझेंटेशन दुसऱ्याच्या नावाने पुढे गेलं आणि मला जुन्या फायलींची यादी करायला बसवलं, नवीन आलेल्यांना सांगितलं की हिला विचारत बसू नका, ती बिझी असते. मी वर्षभर याच माणसाची बाजू घेत होते, कारण ओरडत नव्हते ना! पुन्हा वही काढली. आणि या वेळेला चौथा रकाना सलग कोरा. पानंच्या पानं. मी काय वेगळं केलं म्हणजे हे थांबेल, याचं उत्तर एकाही नोंदीत नव्हतं. शेवटी सरळ विचारलं की सर, मी नेमकं काय बदलू? म्हणाले, "ते तुझं तुला समजायला हवं."

तेव्हा माझ्या मते आवाज कडक की गोड हे बघायचंच नाही. त्या बोलण्यातून उद्या सकाळी येऊन करण्यासारखं काही हातात पडतं का, हे बघायचं. आणि ते केल्यावर विषय मिटतो का. हे दुसरं लोक विसरतात. न्यायी माणूस चूक दाखवतो, तुम्ही सुधारता, संपलं. छळणारा माणूस सुधारलेली चूकही जिवंत ठेवतो, सहा महिन्यांनी अप्रेझलमध्ये तीच काढतो आणि तोवर दर चार दिवसांनी टोमण्यात.

यावर थोडा अभ्यासही झालेला आहे. 1996 मध्ये क्लुगर आणि डीनिसी या दोघांनी फीडबॅकवरच्या जुन्या प्रयोगांचे 607 निष्कर्ष एकत्र करून तपासले, तर सरासरी फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक दिल्यावर काम सुधारायच्या ऐवजी बिघडलं होतं. त्यांनी दिलेलं कारण मला पटतं, लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की घोळ होतो. "ही बेरीज चुकली" म्हटलं की माणूस बेरीज बघतो, "तुला काही जमत नाही" म्हटलं की तो स्वतःलाच चाचपत बसतो, आणि मग बेरीज पुन्हा चुकते. म्हणजे छळाने काम बिघडतं आणि बिघडलेलं काम छळणाऱ्याला पुरावा म्हणून मिळतं. या चक्रात तुम्ही आत्ता असाल तर "माझ्या खरंच चुका होतायत, म्हणजे त्याचंच बरोबर" असं लगेच धरून चालू नका.

हा मुद्दा जरा ताणते, कारण इथेच लोक फसतात. खरी चूक दाखवली म्हणजे तो छळ असूच शकत नाही, असं काही नाही. पाण्यात बघणारा माणूस बहुतेक वेळा खऱ्या चुकाच उचलतो, खोट्या कशाला उचलेल, पकडला जाईल. तीच चूक शेजारच्याने केली तर काय होतं ते बघा. त्याला "अरे एवढं दुरुस्त कर" आणि तुम्हाला अख्ख्या ग्रुपवर मेसेज असेल तर विषय चुकीचा उरलेला नाही.

कायद्यांनीही या रेषेवर बराच खल केलाय. ऑस्ट्रेलियात कामाच्या ठिकाणच्या दादागिरीची जी व्याख्या आहे, तिच्यातून वाजवी पद्धतीने केलेली वाजवी व्यवस्थापकीय कारवाई वगळलीय, आणि "वाजवी" दोनदा येतो तो उगाच नाही. कामात कमी पडलेल्याला नोटीस देणं वाजवी, पण ती सगळ्यांसमोर हसत वाचून दाखवणं नाही. जपानमध्ये याला पॉवर हॅरासमेंट म्हणतात, ते रोखण्याची कायदेशीर जबाबदारी मोठ्या कंपन्यांवर जून 2020 पासून आली आणि छोट्यांवर एप्रिल 2022 पासून, आणि तिथे त्याचे सहा प्रकार धरलेत. मारहाण, शिव्या आणि अपमान हे तर आहेतच, पण माणसांपासून तोडणं, झेपणार नाही एवढं काम लादणं, खाजगी आयुष्यात नाक खुपसणं हेही त्यात आहे आणि लायकीपेक्षा फारच हलकं काम देऊन बसवून ठेवणं हेसुद्धा! ते वाचलं तेव्हा मला माझ्या जुन्या फायलींची यादी आठवली. मी त्याला आराम समजत होते काही दिवस.

बरं, एकदा कोणी भडकला म्हणजे छळ झाला असंही नाही. डेडलाइन डोक्यावर, वरून दट्ट्या, माणूस बोलून जातो. चुकीचं आहेच, माफी मागायला हवी, पण तो पॅटर्न नव्हे. स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन नावाच्या संशोधकाने 1980 च्या दशकात या विषयावर बरंच काम केलं, त्याने मोजण्यासाठी ठरवलेलं माप म्हणजे आठवड्यातून निदान एकदा आणि सलग निदान सहा महिने. हे अभ्यासासाठीचं माप, हां. तुम्ही सहा महिने भरायची वाट बघत बसायचं नाही. पण "वारंवार" आणि "लांबलेलं" हे दोन शब्द त्यातून घेण्यासारखे आहेत, म्हणून तर वही हवी, आठवणीत सगळं एकसारखंच जाड दिसतं.

आणखी एक, बरेच जण म्हणतात पोटात गोळा येतो म्हणजे समजून जा. मला नाही पटत. माझ्या पोटात दोन्हींच्या वेळेला सारखाच गोळा यायचा. त्रास होतोय एवढं तो सांगतो, दोष कोणाचा ते नाही सांगत. (झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर मात्र वहीबिही राहू दे, आधी डॉक्टरकडे जा, दोष कोणाचाही असो.) पुढे मी स्वतः टीम सांभाळायला लागले तेव्हा एका ज्युनिअरने धीर करून सांगितलं की मॅडम, तुमचा रात्री "उद्या जरा बोलायचंय" असा मेसेज आला की मला झोप लागत नाही. मी! ज्या मला वाटत होतं आपण फार समजूतदार. तेव्हापासून कशाबद्दल बोलायचंय ते त्याच मेसेजमध्ये लिहिते, एक ओळ जास्त लागते फक्त.

आता तुम्ही करायचं काय. वही कराच, स्वतःची, कागदाची, घरी ठेवायची. ऑफिसच्या फायली स्वतःच्या ईमेलवर पाठवत सुटू नका, तेच तुमच्यावर उलटू शकतं. गुपचूप रेकॉर्डिंगचं पण तसंच, कुठे चालतं कुठे गुन्हा होतो, आधी चौकशी करा. आणि वहीत विशेषणं नकोत, "अपमान केला" नाही लिहायचं, काय शब्द वापरले, कोण कोण हजर होतं ते लिहायचं. तुम्ही काय उत्तर दिलंत तेही, तुम्ही उलट बोलला असाल तर ते पण. आपल्याला सोयीचं तेवढंच लिहिलेली वही कोणालाच काही सांगत नाही, तुम्हालाही नाही.

मग पुढच्या वेळी त्याने खोट काढली की त्याच दिवशी साधा ईमेल टाका, भांडणाचा सूर अजिबात नको. "आज बोललात त्यातून मी हे तीन मुद्दे समजलो, शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून देतो, काही राहिलं असेल तर सांगा." कडक पण सरळ माणूस वैतागून का होईना उत्तर देतो, चौथा मुद्दा पण जोडेल. दुसऱ्या जातीचा लेखी येतच नाही, "अरे ईमेल काय करतोस, बोलू ना" म्हणतो आणि बोलताना पुन्हा धुकं. माझ्या सरांना मी असे पाच ईमेल टाकले, एकाचं उत्तर आलं, त्यात फक्त अंगठा. असं दोन-तीनदा झालं की तुमचं उत्तर तुम्हाला जवळपास मिळालेलं असतं.

एचआरकडे जाल तर मोठ्या अपेक्षेने जाऊ नका, ते शेवटी कंपनीची माणसं. "टॉक्सिक आहे" म्हणालात तर मान डोलावतील, सात तारखा आणि पाच अनुत्तरित ईमेल ठेवलेत तर निदान फाइल उघडावी लागते. साक्षीला कोणी येईल असं धरू नका, ज्यांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला ते पण ऐन वेळी गप्प बसतात, त्यांचीही नोकरी आहे, राग धरू नका. माझ्या बाबतीत सरांना काही झालं नाही, मला दुसऱ्या टीममध्ये टाकलं, आणि तिथे दोन महिन्यांत माझ्या बेरजा पुन्हा जुळायला लागल्या. नोकरी बदलणं हाही मार्ग आहे, त्याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांना तुमच्या जागी बसायचं नसतं.

आता तुमचं ते वाक्य. रिपोर्टमधल्या चुका आणि दोनदा सगळ्यांसमोर बोलणं यावरून मी काही ठरवणार नाही, तो माझ्या मॅडमसारखाही असू शकतो. पण सुट्टीच्या दिवशी यायला नाही म्हणालात आणि तेव्हापासून कॉल बंद झाले, याचा रिपोर्टच्या दर्जाशी काय संबंध? तो दिवस कोणता होता ते शोधा, मेसेज असतील जुने. वहीचं पहिलं पान त्या तारखेचं करा, आणि मागे जाऊन त्याच्या आधीच्या महिन्यातले रिपोर्टही काढा, तेव्हा पण एवढ्याच खुणा होत्या का ते मोजा. मोजून झालं की इथेच खाली लिहा, मी बघते.