चिनी वनौषधींनी थायरॉइडमुळे मंदावलेला मेटाबॉलिझम सुधारतो का?

हायपोथायरॉइडमध्ये चिनी काढ्याने वजन उतरतं का, असं तुम्ही विचारलंय. माझं सहा आठवड्यांत चार किलो चढलं. टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढतं ते हार्मोन) ३.१ वरून १८.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तेव्हा चीनमध्ये, ग्वांगझोऊला होतो. मला हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उठते तो आजार. थायरॉइडची गोळी पन्नास मायक्रोग्रॅमची, सगळं सुरळीत. तेवढ्यात पुण्याहून नणंद आली. "गोळीची सवय लागते वहिनी, इथे मुळावर घाव घालणारी औषधं मिळतात" म्हणत मला घराखालच्या दुकानात घेऊन गेली. भिंतभर लाकडी खण. वैद्याने दोन्ही हातांची नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग काउंटरवरच्या बाईने एकेक जिन्नस तोलून कागदांवर सात ढीग मांडले. त्यातले दोन मी वासानेच ओळखले. समुद्रातलं शेवाळ! एक काळं, बारीक फुग्यांचं, आमच्या मालवणला भरतीनंतर वाळूत पडलेलं असतं तसं. त्याला हायत्साओ म्हणतात. दुसरं चामड्याच्या पट्ट्यासारखं, वर पांढरी खारट भुकटी, ते खुन्बू. मातीच्या भांड्यात उकळलं की घरभर बंदराचा वास.

आता हे थोतांड नाही, बरं का. गलगंडावर शेवाळ चौथ्या शतकातल्या गे हाँगनेच सांगून ठेवलंय, आणि १६१७ च्या एका चिनी ग्रंथात 'हायत्साओ यूहू थांग' हा काढाही आहे. आयोडीन न मिळाल्याने गळा सुजायचा, तिथे गुण येणारच. पण माझ्या ग्रंथीवर माझीच प्रतिकारशक्ती उठलेली, आयोडीन मिठातून मिळतच होतं. माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. त्या वाळक्या पट्टीच्या एका ग्रॅममध्ये हजाराच्या वर असू शकतं. एकदम एवढं आलं की ग्रंथी हार्मोन बनवणंच थांबवते. धडधाकट माणसाची काही दिवसांत सावरते, हाशिमोटोवाल्यांची बरेचदा नाही. मग मेटाबॉलिझम वाढायचा कुठला? मला मे महिन्यात थंडी वाजायची, पोट साफ नाही, कोलेस्टेरॉल वर.

काढा बंद केला, दोन महिन्यांत टीएसएच ४ वर आला. नणंदेचं अजून एकच, "गोळ्या चुकवल्या असशील." एकही चुकवली नव्हती, रिकाम्या पट्ट्या जपून ठेवल्यात.

तुम्हाला काढा घ्यायचाच असेल तर त्यात काय काय आहे ते लिहून घ्या. शेवाळ असेल तर नको. गलगंडावर देतात ते ह्वांगयाओत्झी म्हणजे आपला कडू करांदा. कोकणात उकडून खातात, पण औषध म्हणून घेतल्यावर लोकांची यकृतं बिघडली आहेत. हायपर, म्हणजे थायरॉइड जास्तच चालत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे माझा अनुभव नाही, पण जास्तीचं आयोडीन तिथेही भडका उडवू शकतं.

हं, एक राहिलं. गोळीनंतर अर्ध्या तासात मी काढा प्यायचे. त्यामुळे गोळी नीट शोषली गेली नसेल, हेही शक्य आहे. नणंदेला सांगितलेलं नाही.