माणसाचा गर्भ आधी मासा, मग सरडा आणि शेवटी माणूस असतो का?

गर्भ आईच्या उदरात उत्क्रांतीची उजळणी करतो हे खरे आहे काय, असे आपण विचारले आहे. या स्वरूपात ते खरे नाही. ही कल्पना जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी 1866 मध्ये मांडली आणि ती इतकी आकर्षक होती की चुकीची ठरल्यावरही लोकांच्या डोक्यातून गेली नाही. भ्रूणशास्त्रज्ञ कार्ल फॉन बेअर यांनी तर 1828 मध्येच लिहून ठेवले होते की भ्रूणाचे साम्य असते ते दुसऱ्या प्राण्याच्या भ्रूणाशी, त्याच्या प्रौढ रूपाशी कधीच नाही.

तरीही भ्रूणात पूर्वजांच्या खुणा असतातच, आणि माझ्या मते त्यांतली सर्वांत सुंदर खूण आपल्या कानात आहे. चार-पाच आठवड्यांच्या मानवी भ्रूणात मानेच्या भागात काही कमानी दिसतात. त्यांना कल्ले म्हणणे चूक आहे, पण माशांत कल्ल्यांचा आधार अशाच कमानींपासून घडतो. आपल्या पहिल्या कमानीतील कूर्चेच्या मागच्या टोकापासून मध्यकर्णातील हातोडी आणि ऐरण ही हाडे तयार होतात. सरपटणाऱ्या प्राण्यांत जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांनी बनतो तीच ही हाडे, हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल रायशर्ट यांनी 1837 मध्ये डुकराच्या भ्रूणांवरून ओळखले, म्हणजे डार्विनच्या उत्क्रांतीवरील ग्रंथाच्या 22 वर्षे आधी. पुढे जीवाश्मांनीही याला दुजोरा दिला: सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गॅन्युकोडॉन या सस्तनांच्या आद्य नातलगाच्या जबड्यात सरपटणाऱ्यांचा जुना आणि सस्तनांचा नवा असे दोन्ही सांधे होते. आजही ओपोसम या अमेरिकेतील लहान सस्तन प्राण्याचे नवजात पिल्लू जबड्याला याच जुन्या हाडांचा आधार घेऊन दूध ओढते. नवा सांधा जन्मानंतर काही आठवड्यांनी तयार होतो आणि मगच ती हाडे केवळ ऐकण्याच्या कामी लागतात.

असे जुने टप्पे का टिकतात? सुरुवातीच्या रचनांवर पुढचे बरेच काही अवलंबून असल्याने त्यांतील बदल बहुधा घातक ठरतो; पुढच्या टप्प्यांतला बदल त्या मानाने पचतो. उदाहरणार्थ, डॉल्फिनच्या भ्रूणात मागच्या पायांचे अंकुर फुटतात आणि लवकरच विरून जातात, कारण तेथे सॉनिक हेजहॉग या जनुकाचा संदेश मिळत नाही. ते जनुक मात्र डॉल्फिनमध्ये शाबूत आहे, कारण पुढचे पर घडवण्यासाठी त्याला तेच लागते.