स्लायडर ओढला की मधला तुकडा जातो कुठे?

प्रश्न : सर, मी फोंड्याजवळच्या एका हायर सेकंडरीत बारावीला मॅथ्स शिकवते. कंटिन्युइटीच्या, म्हणजे ग्राफ कुठे तुटतो का बघायच्या वेळी, जिओजेब्रा या ग्राफ काढायच्या सॉफ्टवेअरवर तीन तुकड्यांचं पीसवाइज फंक्शन (प्रत्येक तुकड्याला वेगळं सूत्र) काढून दाखवते, ए आणि बी असे दोन ब्रेक पॉइंट, म्हणजे तुकड्यांचे सांधे, दोघांना स्लायडर, म्हणजे ओढून किंमत बदलायची पट्टी. मुलं स्वतः येऊन ओढतात, त्यांना आवडतं, पण ए जरा जास्त पुढे गेला की मधला तुकडाच गायब होतो आणि सगळा वर्ग म्हणतो बाई बिघडलं. दुसरं म्हणजे दोन तुकडे स्क्रीनवर जुळलेले दिसले की मुलं कंटिन्युअस म्हणून लिहून मोकळी होतात. काय करू?

उत्तर : बाई, बिघडलेलं काही नाही. जिओजेब्राचं इफ, म्हणजे तुकडे ज्याने लिहितो ती कमांड, अटी एकेक करून तपासतं, जी पहिली खरी निघेल तिचं सूत्र घेतं आणि पुढच्या अटींकडे बघतच नाही. तुमची पहिली अट एक्स हा ए पेक्षा लहान, दुसरी एक्स हा बी पेक्षा लहान. (छापायला सोपं म्हणून मी अक्षरं देवनागरीत लिहितोय, तुम्ही नेहमीसारखीच टाइप करा.) आता बी ३ वर आहे आणि कुणी ए ओढत ४ वर नेला, तर ३ पेक्षा लहान असलेला प्रत्येक एक्स आधीच पहिल्या अटीने उचलला, मग मधल्या तुकड्याला उरलं काय?

म्हणून बीला स्लायडर देऊच नका, मधल्या तुकड्याच्या रुंदीला द्या. डब्ल्यू नावाचा स्लायडर घ्या, ०.५ ते ५, आणि बी = ए + डब्ल्यू असं लिहा. ए ओढला की दोन्ही सांधे बरोबरीने सरकतात, डब्ल्यू ओढला की मधला तुकडा ताणतो किंवा आखडतो, आणि क्रम कधीच उलटा होत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे मुलं डोळ्यांवर विश्वास ठेवतात आणि डोळे फसतात. वर्गात हे करून बघा. दोनच तुकडे घ्या : एक्स हा ए पेक्षा लहान असताना एक्सचा वर्ग, नाहीतर एक्स + १. ए चा स्लायडर ओढत १.६ वर आणा. डावीकडून उंची २.५६, उजवीकडून २.६. फरक ०.०४, स्क्रीनवर तो दिसतही नाही, मुलं म्हणणार जुळलं. १.७ वर न्या, २.८९ आणि २.७, म्हणजे खरा सांधा मध्ये कुठेतरी राहून गेला. जिओजेब्राचा स्लायडर आपण काही बदललं नाही तर ०.१ च्या पावलांनी चालतो, तो त्या जागेवरून उडी मारून पुढे जातो.

मग कुणीतरी म्हणेल पाऊल लहान करूया. करू द्या, ०.००१ करा आणि डी = ए + १ वजा एचा वर्ग अशी एक ओळ घाला म्हणजे फरक आकड्यात दिसेल. १.६१८ वर डी शून्य दिसेल! मुलं टाळ्या वाजवतील. तेव्हा सेटिंग्जमध्ये जाऊन राउंडिंग वाढवा, कारण नेहमी दोनच दशांश स्थळं दिसतात, आणि खरा फरक ०.००००७६ समोर येईल. आता फळ्यावर या : एचा वर्ग = ए + १ सोडवा, ए म्हणजे १ अधिक वर्गमूळ ५, भागिले २. (दुसरं उत्तर ऋण आहे, साधारण −०.६१८, तोही सांधा बरोबर बसतो, तेही मुलांकडून काढून घ्या.) ही संख्या अपरिमेय, तुम्ही दशांशात कितीही बारीक पाऊल ठेवा, स्लायडर तिच्यावर कधीच थांबणार नाही. स्लायडरने सांधा साधारण कुठे आहे ते शोधायचं, सिद्ध करायचं ते दोन्ही बाजू बरोबर मांडून. ही गोष्ट मुलांच्या हाताने घडली की ती विसरत नाहीत, मी हे पुन्हा पुन्हा बघितलंय.

आणखी एक, सांध्यावरचे दोन पॉइंट तुम्ही स्वतः काढा, सॉफ्टवेअर पोकळ आणि भरीव गोळा आपणहून दाखवेल ही अपेक्षा ठेवू नका. (ए, एचा वर्ग) हा पोकळ ठेवायचा, (ए, ए + १) भरीव. पॉइंटच्या स्टाइलमध्ये ते बदलता येतं. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्गला जिओजेब्रा सुरू केलं तेच जॉमेट्री आणि अल्जेब्रा एकत्र नांदावं म्हणून, त्यामुळे पॉइंट सूत्राने बांधला की ए बरोबर तोही सरकतो, पुन्हा काढावा लागत नाही.

जमलं तर नारळाचं उदाहरण घ्या, भाव मी धरलेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात समजा ५० पर्यंत घेतले तर ४० रुपयांना एक, त्याहून जास्त घेतले तर सगळेच ३५ ने. ५० चे २००० होतात आणि ५१ चे १७८५! ग्राफ खाली पडतो. ५७ नारळसुद्धा १९९५ ला मिळतात, ५० पेक्षा स्वस्त. आता ५० च्या जागी ए ठेवून ओढा, पडझड प्रत्येक ठिकाणी राहते, फक्त ५ गुणिले ए एवढी लहानमोठी होते. मग दुसरा भाव सांगा : पहिले ए नारळ ४० नेच, त्यापुढचे तेवढे ३५ ने, म्हणजे ४० ए + ३५ (एक्स − ए). आता ए कुठेही ओढा, सांधा तुटत नाही, फक्त चढ बदलतो. का, तर दुसऱ्या तुकड्याच्या सूत्रातच ए बसलाय. मुलांना विचारा की स्लॅबवाल्या बिलात यातला कुठला प्रकार असायला हवा, चांगली चर्चा होईल.

प्रश्न : सर, मी डिचोलीचा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब या ग्राफ काढायच्या लायब्ररीने असाच ग्राफ काढला तर उडीच्या जागी उभी रेघ येते. ती कशी घालवू?

उत्तर : मॅटप्लॉटलिबला फंक्शन माहीत नसतं रे, त्याला फक्त पॉइंट मिळतात आणि ते एकापुढे एक जोडत जातं, म्हणून उडीच्या अलीकडचा आणि पलीकडचा पॉइंटही जोडला जातो. प्रत्येक तुकडा वेगळ्या प्लॉट कमांडने काढ, रंग एकच दे. किंवा सांध्यावर वायच्या जागी नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं नॅन, म्हणजे 'आकडा नाही' अशी खूण, घाल, तिथे रेघ तुटते. स्लायडर लावणार असशील तर पहिला मार्ग घे, कारण ब्रेक पॉइंट तू दिलेल्या दोन पॉइंटच्या मध्ये पडला तर नॅन कुठल्या जागी घालायचा ते दर वेळी नव्याने शोधावं लागतं.