सप्लायर 12 टक्के वाढ मागतोय, साहेब म्हणतात 5 टक्के कमी करून आण

प्रश्न: नमस्कार, मी परचेसमध्ये तसा नवीनच आहे. पितळेचा एक बुश (शाफ्टभोवती बसणारा नळीसारखा भाग) आम्ही एकाच सप्लायरकडून घेतो. मटेरियल महागलं म्हणून त्याने 12 टक्के वाढ मागितलीये आणि आमचे साहेब म्हणतात वाढ विसर, उलट 5 टक्के कमी करून आण. दोन आठवड्यांनी मीटिंग आहे, तयारी कशी करू?

उत्तर: आधी 12 आणि 5 हे दोन्ही आकडे बाजूला ठेवा. नुसत्या टक्क्यांवर बसलात तर ओढाताण होऊन 3-4 टक्के वाढीवर कुठेतरी मिटतं आणि ते बरोबर झालं की चूक हे दोघांनाही कळत नाही.

भावाची फोड करा. स्टोअरमधून 10 नग घ्या, काट्यावर वजन करा, मग ड्रॉइंग बघून एका नगाला किती लांबीचा रॉड लागतो ते काढा, कटिंगची जाडीही त्यात धरा. पितळेची घनता साधारण 8.5 ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, म्हणजे रॉडचं वजन कागदावर निघतं, आणि त्यातून नगाचं वजन वजा केलं की स्क्रॅप किती निघतं तेही कळतं. हे स्क्रॅपच लोक विसरतात!

समजा आजचा भाव 100 आहे, त्यात रॉड 60 चा आणि स्क्रॅप विकून 15 परत येतात, म्हणजे निव्वळ मटेरियल 45. आता पितळ 15 टक्के वाढलं तर रॉडमध्ये 9 वाढले आणि तो तुम्हाला हेच 9 दाखवणार, पण स्क्रॅपचा भावही वाढलाच ना, तो त्याच प्रमाणात धरला तर सव्वादोन तिकडून परत येतात. खरी वाढ पावणेसात. मग त्याने मागितलेल्या 12 मधले उरलेले सव्वापाच कशाचे, हे शांतपणे विचारायचं. मजुरी वाढली असेल, लाइट बिल वाढलं असेल, रिजेक्शन जास्त असेल, ऐकून घ्या आणि पटलं तर माना, उगाच खोटं पाडायला जाऊ नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, दोन्हीचे लंडन मेटल एक्स्चेंजचे भाव बघायला मिळतात, मागचा भाव ठरला त्या महिन्यापासून आजपर्यंतचे काढून सोबत न्या.

आता जरा आपल्या घरात बघा. वर्षभरात किती नग घेऊ म्हणून सांगितलं होतं आणि खरे किती उचलले? पेमेंट वेळेवर गेलं का? अकाउंट्स आणि प्लॅनिंगवाल्यांना मीटिंगच्या आधीच विचारा, नाहीतर ते तुम्हाला समोरच्याच्या तोंडून कळतं आणि मग बोलायला जागाच राहत नाही. द्यायच्या गोष्टीही इथेच सापडतात. त्याला पैसे 60 ऐवजी 30 दिवसांत मिळाले तर 12 टक्के व्याजाने त्याचा जवळपास 1 टक्का वाचतो. मशीन सेटिंगला 90 मिनिटं लागत असतील तर 300 च्या लॉटमध्ये नगामागे 18 सेकंद जातात, 900 च्या लॉटमध्ये फक्त 6. पण मग माल आपल्याकडे पडून राहणार, तो खर्चही धरा.

दुसरा सप्लायर नसेल तर धमकी देऊ नका, त्याला ते माहीत असतंच. पण शोध आजच सुरू करा. सॅम्पल, तपासणी, मंजुरी यात महिने जातात, आणि टूलिंग (या नगासाठी खास बनवलेली हत्यारं, फिक्स्चर) कोणाच्या मालकीचं आहे हे जुन्या ऑर्डरमध्ये नक्की वाचा.

साहेबांना ही फोड मीटिंगच्या आधी दाखवा आणि कुठपर्यंत जायचं ते लिहून घ्या. मला विचाराल तर 5 टक्के कमीचा हट्ट इथे सोडावा, कारण मटेरियलच वाढलंय आणि तरी दाबलं तर तो कुठेतरी माल हलका करणार.

प्रश्न: दर तीन महिन्यांनी हीच रडारड नको असेल तर?

उत्तर: मटेरियलचा भाव वेगळा काढून करारात टाका, कोणत्या महिन्याचा भाव आधार धरायचा ते लिहा, 3 टक्क्यांच्या आतला बदल धरायचा नाही असं ठरवा आणि पितळ उतरलं तर भावही उतरेल हे स्पष्ट लिहून घ्या. ठरलेलं सगळं त्याच संध्याकाळी मेल करून त्याच्याकडून होकार मागवा.